दारूबंदीचा कायदा आणि गरिबाची पाठ

चाकूरच्या बाजाराला नळेगाव, वडवळ, चापोली, जानवळ या बाजूंची माणसे येतात. आडतीवर माल घातला, पट्टी हाती पडली, की घरधनी एका वाटेने जातो आणि घरधनीण पिशवी मांडीवर घेऊन दुसऱ्या वाटेवर बसून राहते. तेल घ्यावयाचे असते, पोराच्या वह्या घ्यावयाच्या असतात, उधारी फेडावयाची असते. दिवस मावळतो तेव्हा घरधनी झोकांड्या खात येतो आणि पट्टीतले निम्मे पैसे कोठे गेले हे विचारण्याची सोय राहिलेली नसते. विचारले तर पाठीवर वळ उठतात. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. ज्या घरात हे होत नाही त्या घराच्या शेजारी तरी होतेच.

म्हणून आमच्या आयाबहिणींचे मागणे एकच असते, की सरकारने साऱ्या मुलुखात एकदाची दारू बंद करून टाकावी. त्यावर आमची शिकलेली पोरे हसून म्हणतात, "मावशी, अमेरिकेने हे करून पाहिले. तेथे गुंडांचे राज्य आले आणि शेवटी कायदा गुंडाळावा लागला." मावशीला अमेरिका ठाऊक नाही, ती गप्प बसते. पण मावशीचे दुःख खरे आहे आणि पोराचा दाखलाही खोटा नाही. मग आम्ही शेतकरी व कारागीर लोकांनी काय धरावे आणि काय सोडावे? या प्रश्नाची उकल दुकानदारही करून देणार नाही आणि सभेत टाळ्या घेणारा पुढारीही करून देणार नाही. ती आपणच आपल्या डोक्याने केली पाहिजे.

प्रथम हे लक्षात घ्या, की दारूचा गुन्हा हा बंदीच्या कायद्याने जन्मला नाही. तो सरकारच्या तिजोरीसाठी जन्मला. इंग्रजी अमलात १८७८ साली मुंबई इलाख्यात आबकारीचा कायदा झाला. दारू गाळण्याचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला आणि ठेकेदारांस दिला. १८९२ साली तर ठाणे व कुलाबा या बाजूंस मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. आपल्या रानातील फूल आपणच वेचून घरी ठेवावे, तर तो अपराध. तेच ठेकेदाराच्या भट्टीत पडले, तर ते सरकारचे उत्पन्न! दारू वाईट म्हणून हे केले नव्हते. कर बुडतो म्हणून केले होते.

आपला मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या ताब्यात होता. तेथेही तीच तऱ्हा. आबकारी हे त्या दरबाराचे एक मोठे उत्पन्न. शिंदीच्या झाडांवर कर, दुकानांचे लिलाव, आणि लिलाव घेणारा गुत्तेदार. हा शब्द आपल्या बोलीत अजून जिवंत आहे, तो उगाच नव्हे. गुत्तेदाराने जो पैसा दरबारात भरला तो त्याने कोठून काढला? आपल्या आज्यापणज्यांच्या धोतराच्या गाठीतून काढला. म्हणूनच १९४७ साली हैदराबादच्या मुक्तीचा लढा सुरू झाला तेव्हा लोकांनी शिंदीची झाडे तोडली. त्या झाडाशी त्यांचे वैर नव्हते. झाडाच्या बुंध्यातून दरबारास जो पैसा झिरपत होता तो त्यांस तोडावयाचा होता.

महात्मा जोतीराव फुले हे पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद असताना त्यांनी १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. तेव्हा आमच्या चळवळीला हा विषय काही नवा नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे १८७४ साली ख्रिस्ती बायांनी दारूविरुद्ध आपला संघ काढला. नवरा मजुरीचे पैसे गुत्त्यात घालवतो, घरी येऊन मारतो, आणि बाईस ना मत, ना मिळकतीवर नीट हक्क, हे त्यांचे गाऱ्हाणे. १८९३ साली गुत्त्यांविरुद्ध दुसरा एक मोठा संघ निघाला. त्याने निवडणुकांत उमेदवार पाडण्या-निवडण्याचे तंत्र साधले. सरकारचे बरेच उत्पन्न दारूवरच होते, परंतु १९१३ साली श्रीमंतांवर प्राप्तीचा कर बसविण्याची सोय झाली आणि ती अडचण दूर झाली. जानेवारी १९१९ मध्ये घटनेत अठरावी दुरुस्ती पक्की झाली आणि १७ जानेवारी १९२० पासून सबंध देशात दारू करणे, विकणे व वाहून नेणे बंद झाले.

येथे शब्द नीट पाहावे. करणे, विकणे, वाहून नेणे हा गुन्हा होता. घरी बसून पिणे हा गुन्हा नव्हता! बंदीच्या आधी ज्याने तळघर भरून ठेवले, त्याला शिपाई हात लावू शकत नव्हता. तळघर कोणाचे असते? कारखान्यातल्या मजुराला तर राहण्याची खोली धड नव्हती. पुढे डाक्तराने चिठ्ठी दिली की औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळू लागली. डाक्तराची फी कोण भरू शकतो? तेव्हा कायदा एक, पण श्रीमंताच्या दारी त्याचे तोंड निराळे आणि गरिबाच्या दारी निराळे, ही गोष्ट पहिल्या दिवसापासूनच होती.

देशाची वस्ती सुमारे साडेदहा कोटी आणि बंदीच्या खात्याचे शिपाई सुरुवातीस सुमारे दीड हजार. कानडाची सरहद्द हजारो मैलांची. तिकडे दारू गाळण्यास अनेक ठिकाणी मुभा. डेट्रॉइट शहरापुढची नदी ओलांडली की माल अमेरिकेत. इतक्या मोठ्या धंद्याला राखण कोण करणार? जो शिपाई पकडणार, त्याचा पगार तुटपुंजा. आणि जो पकडला जाणार, तो एका रात्रीत त्याच्या वर्षाच्या पगाराएवढे पैसे पुढे ठेवणार. शिपाई विकला गेला, फौजदार विकला गेला, शहराचा कारभारीही विकला गेला.

शिकागो शहरात आल कापोन नावाचा टोळीवाला याच पैशावर मोठा झाला. टोळ्यांत बाजारपेठेच्या वाटण्या झाल्या आणि वाटणीवरून मुडदे पडू लागले. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी पोलिसांचा वेष घातलेल्या माणसांनी एका गाडीखान्यात विरुद्ध टोळीकडील सात जणांस भिंतीपाशी उभे करून गोळ्या घातल्या. त्याबद्दल कोणासही शिक्षा लागली नाही. कापोनला शिक्षा झाली ती ऑक्टोबर १९३१ मध्ये, अकरा वर्षांची, आणि ती कशासाठी? प्राप्तीचा कर चुकविला म्हणून. आणि हाच कापोन मंदीच्या दिवसांत बेकारांस फुकट रस्सा वाटीत होता. ज्याने लुटले त्याच्याच दारी भिकेसाठी रांग, असा तो प्रकार.

आता दुसरी बाजू पाहा. मिशिगन संस्थानात १९२८ साली दहा लेकरांच्या एका आईला अर्ध्या लिटरहूनही कमी दारूच्या विक्रीपायी जन्मठेप झाली; कारण चौथ्या गुन्ह्यास जन्मठेप असा तेथील कायदा. पुढे बोभाटा झाला, कायदा सौम्य झाला आणि ती सुटली. पण वाचकहो, तोलून पाहा. सात मुडद्यांबद्दल कोणाला काही नाही आणि एका बाटलीबद्दल जन्मठेप!

विषाचीही कथा तशीच. कारखान्यात लागणाऱ्या मद्यार्काची चोरी होऊन ती पिण्यास जाते म्हणून सरकारनेच त्यात अधिक विष घालण्याचा हुकूम केला. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्क शहरात ते पिऊन अनेक जण मेले. १९३० साली आल्याच्या अर्काचे एक स्वस्त औषध नशेसाठी पिणाऱ्या हजारो गरिबांचे पाय लुळे पडले, कारण विकणाऱ्याने त्यात भलतेच रसायन मिसळले होते. श्रीमंताला कानडाची अस्सल बाटली येत होती. लुळा पडला तो मजूर.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांस विशेष समजण्यासारखी आहे. काळ्या लोकांचा छळ करणारी जी गोऱ्यांची कुप्रसिद्ध टोळी होती, तिने बंदीचा झेंडा आपल्या खांद्यावर घेतला. इलिनॉय संस्थानातील एका जिल्ह्यात १९२३-२४ साली त्या टोळीच्या माणसांनी दारूच्या झडतीच्या नावाखाली परमुलखातून आलेल्या इटालियन मजुरांच्या घरांत शिरून धुमाकूळ घातला. कायदा नीतीचा होता. पण तो हातात आल्यावर ज्यांस आधीच कोणाला दडपावयाचे होते, त्यांनी त्याची काठी केली. आपल्याकडे हे घडत नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे!

शेवटी १९२९ साली बाजार कोसळला, लाखो लोक बेकार झाले, सरकारला कर हवा झाला, आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली. जाता जाता हेही सांगितले पाहिजे, की बंदीच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेत दारू पिणे खरोखरच पुष्कळ कमी झाले होते आणि काळीज कुजून मरणारेही घटले होते. पुढे चोरटा धंदा बसला तसे पिणे पुन्हा वाढले, तरी ते पूर्वीइतके झाले नाही. ही गोष्ट दारूवाले सांगत नाहीत. तेव्हा बंदी सर्वस्वी फुकट गेली असे जे आमची पोरे म्हणतात, ते अर्धेच सत्य आहे. पिणे कमी झाले हे खरे, पण त्याची किंमत कोणाकडून वसूल झाली, हा खरा सवाल आहे.

हाच खेळ मुंबईत पुन्हा झाला. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने पहिल्यांदा बंदी आणली. मंत्रिमंडळ गेले आणि ती ढिली पडली. स्वराज्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून साऱ्या राज्यात बंदी लागू झाली. मोरारजीभाई देसाई हे तिचे खंदे पुरस्कर्ते. हेतू चांगला नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याला दारू प्रकृतीसाठी लागते असा दाखला आणता येई, त्याला परवाना मिळे. परदेशी पाहुण्यासही परवाना मिळे. गिरणीचा कामगार कोणत्या डाक्तराकडे जाणार? तो झोपडपट्टीतल्या अड्ड्यावर गेला.

काळा गूळ, नवसागर आणि पाणी यांचे रसायन पिंपात कुजवावे, भट्टी लावावी, आणि माल रबरी ट्यूबांत भरून अंगाखाली बांधून न्यावा, हा धंदा खाडीकाठच्या दलदलीत बसला. धारावी, अँटॉप हिल ही नावे त्याने प्रसिद्ध झाली. बोरीबंदरावर हमाली करणारा वरदराजन मुदलियार हातभट्टीच्या जोरावर टोळीचा नायक झाला, आणि माटुंग्याला त्याचा गणपती असा थाटाचा बसू लागला की बडी बडी मंडळी दर्शनास येत. शिकागोचा रस्सा आणि माटुंग्याचा गणपती, दोन्ही एकाच पैशाचे! मुंबईच्या टोळ्यांचा पाया ज्या धंद्यांनी घातला त्यांत सोन्याच्या चोरट्या व्यापाराबरोबर हातभट्टीही होती.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात ही बंदी उठवावी असे स्पष्ट म्हटले होते. बंदीने दारू घरोघर गाळली जाऊ लागली, जी बायापोरे पूर्वी तिच्यापासून दूर होती त्यांच्यापर्यंत ती आली, आणि शिक्षणासारख्या कामाला लागणारा पैसाही सरकारने गमावला, असा त्यांचा रोख होता. बाबासाहेब दारूचे कैवारी होते असे कोणी म्हणू धजणार नाही. त्यांनी हिशेब मांडला, एवढेच.

१९५६ साली आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे तो कायदा आपल्याकडेही आला. साठाव्या वर्षानंतर परवाने सैल होत गेले. १९७३ साली देशी दारूचे नियम होऊन तिची दुकाने रीतसर झाली. आज मजा अशी आहे, की कायद्याचे नाव अजून दारूबंदीचेच आहे, बार्‌वर पाटी 'परमिट रूम' हीच आहे, आणि राज्य दारूच्या उत्पन्नावर चालले आहे. जून २०२५ मध्ये सरकारने दारूवरील कर वाढविला आणि त्यातून वर्षाला १४,००० कोटी रुपये अधिक येतील असा अंदाज सांगितला. गुत्तेदार गेला म्हणता? गुत्तेदाराच्या गादीवर आता सरकार बसले आहे.

कोणी म्हणेल, ह्या जुन्या गोष्टी झाल्या. तर चंद्रपूरकडे पाहा. त्या जिल्ह्यातील बायांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले; २०१० च्या डिसेंबरात त्या चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. त्यांच्या रेट्याने १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. बायांस आनंद झाला आणि तो होणे योग्यच होते. परंतु शेजारच्या जिल्ह्यांत दुकाने उघडी, वर तेलंगणाची सरहद्द. माल मोटारींतून येऊ लागला. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीडजवळ दारूची गाडी अडविणाऱ्या पोलीस उपनिरीक्षकास त्या गाडीने चिरडून मारले. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठविली. कारण काय दिले? चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, बायापोरे त्या धंद्यात ओढली गेली. ज्या बायांनी बंदी मागितली, त्यांच्याच गरीब बहिणींच्या डोक्यावर माल देऊन धंदेवाले मागे उभे राहिले! मग बंदी राखण्यास ज्यांस पगार मिळत होता त्यांनी सहा वर्षे काय केले, याचा जाब कोणी दिला? दुकाने मात्र उघडली.

शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तिचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. चोरटी दारू तेथेही येते. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तेथे बंदीच्या आधी कित्येक वर्षे गावोगाव लोकांत काम झाले होते. बंदी हटते की काय अशी बोली जेव्हा उठली, तेव्हा शेकडो गावांनी ठराव करून ती ठेवा असे कळविले. तेथील कायद्याला गावाचा टेकू आहे.

याहून जुना दाखला हवा तर १९२२ सालच्या सुमाराचा आहे. पालघरच्या किनाऱ्यावर कोळ्यांत देवी येऊ लागली आणि तिने दारू सोडा असे सांगितले. पाहता पाहता ती गोष्ट ठाणे, डांग, सुरत या रानांतून पसरली. आदिवासींनी आपल्या आपण दारू सोडली आणि ज्या पारशी दारूवाल्यांच्या कर्जात त्यांच्या जमिनी अडकल्या होत्या त्यांच्या शेतांवर कामास जाण्याचेही नाकारले. तेथे सरकारने बंदी केली नव्हती. उलट आबकारी बुडते म्हणून सरकारच चिडले होते. सारेच लोक पुढे तसेच राहिले असे नाही, तरी एवढे सिद्ध झाले, की अडाणी म्हणून हिणवलेले लोक मनात आणतील तर ठेकेदाराची भट्टी एका हंगामात थंड करू शकतात.

या साऱ्यावरून आमचे मत असे झाले आहे, की दारूबंदीचा कोणताही कायदा पुढे आला तर आपण तीन गोष्टी विचाराव्या. एक, तुरुंगात कोण जाणार? दोन, चोरट्या विक्रीचा पैसा कोणाच्या घरी जाणार? तीन, कायदा मोडला गेला तर कोणत्या अंमलदाराची नोकरी जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरे जोवर 'गरीब', 'टोळीवाला' आणि 'कोणाचीच नाही' अशी आहेत, तोवर बंदी ही गरिबाच्या पाठीवरची दुसरी काठी आहे. पहिली काठी दारूची आहेच.

आमच्या पाहण्यातली एक बाई आहे. नवरा दारूने मेला. पदरी तीन लेकरे. ती दुसऱ्याचे कॅन विकते, दिवसाकाठी मजुरीएवढे मिळते. छापा पडतो तेव्हा कॅन तिच्या हाती असते. पंचनामा तिच्या नावाने होतो. दंड ती भरते, तोही मालकाकडून उसना घेऊन. मालकाचे नाव साऱ्या गावाला ठाऊक आहे, फक्त कागदाला ठाऊक नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींस जन्मानेच गुन्हेगार ठरविले. तो शिक्का १९५२ साली पुसला. पण आजही हातभट्टीचा छापा म्हटला की प्रथम त्यांच्याच पालांवर का पडतो? त्यांना दुसरा धंदा कोणी दिला?

याचा अर्थ दुकान चालू द्यावे असा कोणी काढील, तर तो आमच्या शब्दांचा विपर्यास होईल. दुकान रीतसर असले म्हणजे गुन्हा आणि विष जाते, ही समजूत खोटी आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. तेव्हा मुंबईत बंदी नव्हती. रीतसर दारू महाग, म्हणून मजूर स्वस्त विषाकडे गेला. आणि घरातली मारहाण? ती तर परवान्याच्या दारूनेही तेवढीच होते. बाईच्या पाठीला सील फोडलेली बाटली आणि कॅनमधली दारू यांतला फरक कळत नाही.

हिशेब मांडून पाहा. रोजचे शंभर रुपये धरले तर वर्षाचे ३६,५०० होतात. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे सुमारे सात क्विंटल सोयाबीन, एका बऱ्या एकराचे सारे पीक, नांगरट-पेरणी-खुरपणीसकट, बाटलीत गेले. सुताराच्या घरी तेवढ्यात लाकूड कापण्याचे यंत्र येते. शिंप्याच्या घरी शिलाईची मशिने येतात. मुलीचे लातूरच्या कॉलेजातले वर्ष निघते. सावकाराने एवढे नेले असते तर आपण कुऱ्हाडी काढल्या असत्या.

तेव्हा करावे काय? आमच्या हाती एक हत्यार आहे आणि ते पुष्कळांस नीट ठाऊक नाही. गावातील दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येते. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे चौथाई मतदारांनी, किंवा बायांपैकी चौथाईने, सह्यानिशी अर्ज केला की मत घेतले जाते. चिन्हे दोन: उभी बाटली आणि आडवी बाटली. यात एक खोच आहे. जेवढ्यांनी मत दिले त्यांच्या निम्मे पुरत नाहीत. यादीवर जेवढी नावे आहेत त्यांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. जी बाई आली नाही, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखे आहे. म्हणून तारीख कोणती पडते यावर डोळा ठेवा. दिवाळी झाली की आपल्या भागातील तांड्यांतून आणि वस्त्यांतून बाया कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, त्या उन्हाळ्यात परततात. मधल्या दिवसांत मतदान पडले तर बाटली उभीच राहील. अर्ज पावसाळ्यात करा, आणि याद्यांतील मेलेल्यांची व लग्न होऊन गेलेल्यांची नावे आधी काढून घ्या.

दुकान बंद झाले म्हणजे काम संपले असेही समजू नका. खरे काम तेथून सुरू होते. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गावाला ग्रामरक्षक दल करता येते, तोंडी नव्हे तर रीतसर. चोरट्या विक्रीची खबर लेखी द्या, पोच घ्या, आणि खबर देऊनही छापा पडला नाही तर तो कागद ग्रामसभेत वाचा. खबर देताना कॅनवाल्या बाईचे नाव शेवटी लिहा. माल कोणाचा, गाडी कोणाची, गूळ कोणत्या गोदामातून येतो, हे आधी लिहा. शिकागो आणि माटुंगा यांचा धडा हाच आहे, की बाटली पकडून धंदा मरत नाही, पैसा पकडला की मरतो.

आणि पिणाऱ्यास शत्रू समजू नका. ज्याचे हात सकाळी दारूवाचून थरथरतात तो आजारी आहे. त्यास दवाखाना हवा, कोठडी नव्हे. बिहारात एप्रिल २०१६ पासून बंदी आहे; पिणाऱ्या गरिबांनी तेथील तुरुंग व कोर्टे इतकी भरली की २०२२ साली पहिल्या गुन्ह्यास दंडावर सोडण्याची दुरुस्ती करावी लागली. सरकारने जे १४,००० कोटी जास्तीचे मोजले आहेत, त्यांतून प्रत्येक तालुक्याला व्यसन सोडविण्याची एक खोली, एक डाक्तर आणि औषध द्यावे, आणि हातभट्टी सोडणाऱ्या बाईला दुसरा धंदा लावून द्यावा, ही मागणी आपण दर ग्रामसभेत ठरावाने केली पाहिजे. दारूचा पैसा घेण्यास ज्याला लाज वाटत नाही, त्याने दारूचे दुखणे निस्तरण्यास तरी कां कू करू नये.

तेव्हा मावशीला आमचे सांगणे असे, की अमेरिकेचे नाव ऐकून गप्प बसू नका. तेथे हरला तो वरून लादलेला कायदा आणि विकला गेलेला शिपाई. आणि हसणाऱ्या पोरांस आमचे सांगणे असे, की मिळालेले शिक्षण आईला गप्प करण्यासाठी वापरू नका. अर्ज लिहिता येतो ना? मग यादी काढा, सह्या घ्या, आणि मतदानाच्या दिवशी तिला मोटारसायकलवर बसवून मतपेटीपर्यंत न्या.